पर्थ ते ॲडलेड कॅरव्हॅनने: रात्रीचे मुक्काम कसे ठरवायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पश्चिम ऑस्ट्रेलियातून नलारबोरचं मैदान ओलांडून पूर्वेला जायचं म्हटलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, "किती दिवस लागतात?" त्याच्या आधी "रात्री कुठे थांबायचं?" हे विचारलं तर दिवसांचं उत्तर आपोआप मिळतं. खालचे प्रश्न गाडीमागे कॅरव्हॅन जोडून किंवा मोटरहोम घेऊन निघणाऱ्यांचे आहेत. नुसत्या मोटारीने मोटेलात राहत जाणार असाल, तर यातला निम्मा भाग सोडून द्या.

एका दिवसात किती अंतर धरावं?

पर्थ ते ॲडलेड साधारण २७०० किमी. मोटारीने तीन दिवसांत पोचणारे महाभाग आहेत. त्यांचा हिशेब आपल्याला लावू नका. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला वेगमर्यादा ताशी १०० किमीची आहे, रस्त्यावरची पाटी ११० म्हणत असली तरी. प्रत्यक्षात बरेच लोक ९०च्या आसपास चालवतात, कारण त्यापुढे इंधन धडाधड जातं आणि वाऱ्याने कॅरव्हॅन डोलायला लागते. दर दोन तासांनी पाय मोकळे करणं, इंधन, चहा हे सगळं धरलं की सरासरी सत्तरवर येते.

म्हणून दिवसाला ३०० ते ३५० किमी. चाळीसेक किमी इकडेतिकडे चालतील. मुलं किंवा वयस्क माणसं सोबत असतील तर ३००च्या आतच थांबा. ज्या दिवशी ५०० किमी होतात त्या दिवशी मुक्कामाला पोचून स्वयंपाक करायचं त्राण उरत नाही, आणि रोडहाउसचं (हायवेवरच्या पंप-मोटेलचं) किचन बंद झालेलं असतं.

रस्ता तर सरळसोट आहे, मग अंधारात चालवायला काय हरकत?

कांगारू, एमू, वॉम्बॅट, काही पट्ट्यांत उंटसुद्धा. संध्याकाळी आणि पहाटे ही मंडळी चरायला रस्त्याच्या कडेला येतात, कारण डांबरावरून वाहून आलेल्या पाण्यावर तिथे गवत हिरवं असतं. गाडीच्या दिव्यांनी कांगारू पळून जाईल असं समजू नका. तो गोंधळून नेमका पुढ्यात उडी मारतो. अशा वेळी स्टिअरिंग फिरवायचं नाही, सरळ रेषेत ब्रेक दाबायचा. दीड-दोन टनांची कॅरव्हॅन मागे असताना झटक्यात गाडी वळवली तर ती आडवी येते आणि गाडी उलटते.

दिवसाही एक गोष्ट लक्षात ठेवा. मेलेल्या जनावरावर वेज-टेल्ड जातीचे मोठे गरुड बसलेले असतात. कावळे शेवटच्या क्षणी उडतात, गरुडाला तेवढं जमत नाही. पंख पसरून जड अंगाने वर उठायला त्याला वेळ लागतो, आणि तो बरोबर काचेच्या उंचीवर असतो. लांबून काळा ठिपका दिसला की पाय उचला.

शिवाय मोटरहोम भाड्याची असेल तर करार नीट वाचा. अनेक कंपन्यांच्या करारात दुर्गम भागात सूर्यास्तानंतर गाडी चालवायला मनाई असते आणि तेव्हा झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही.

घड्याळाचा घोळ होतो म्हणतात, तो काय?

मुक्काम चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया यांच्या वेळेत दीड तासाचा फरक आहे, उन्हाळ्यात साउथ ऑस्ट्रेलिया घड्याळ पुढे करतं तेव्हा अडीच तासांचा. त्यात वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या कायगुनापासून सरहद्दीपर्यंतच्या रोडहाउसवर पाऊण तासाने पुढे असलेली तिसरीच वेळ पाळतात. ती अधिकृत नाही, पण किचन त्याच घड्याळाने बंद होतं.

आता जून महिना धरा. फोनवर अजून पर्थची वेळ आहे आणि तुम्ही सरहद्दीच्या थोडं अलीकडे, मंड्राबिला रोडहाउसजवळ आहात. तिथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. पर्थच्या सवयीने "अजून साडेतीनच तर वाजलेत, पुढचं रोडहाउस तासाभरावर" असं म्हणून निघालात तर शेवटचे वीस किमी नेमके कांगारूंच्या वेळेला पडतात.

उपाय सोपा आहे. प्रत्येक मुक्कामाच्या ठिकाणचा सूर्यास्त निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा, तोही एकाच घड्याळात. त्याच्या दीड तास आधी गाडी उभी झाली पाहिजे. पूर्वेकडे जाताना सकाळी फार लवकर निघण्यातही अर्थ नाही, कारण ऊन थेट डोळ्यांवर येतं. आठला निघून अडीच-तीनला थांबलं की सगळं बसतं.

नमुन्यादाखल मुक्काम सांगता का?

पर्थहून निघून, घाई नसलेल्यांसाठी:

पहिली रात्र सदर्न क्रॉस (सुमारे ३७० किमी). दुसरी नॉर्समन (३५५). इथून आयर हायवे सुरू होतो. तिसरी कायगुना (३७५). हा दिवस लांब आहे, जमणार नसेल तर १९० किमीवर बॅलाडोनियालाच थांबा. चौथी युक्ला (३४०). पाचवी नलारबोर रोडहाउस (२००). सहावी सेड्यूना (२९५). सातवी किंबा (३१०). तिथून ॲडलेड ४६५ किमी आहे, म्हणून आठवी रात्र पोर्ट ऑगस्टाला किंवा त्याच्या पुढे कुठेही. त्या भागात गावं जवळजवळ आहेत, काळजी नाही.

पाचवा दिवस मुद्दाम लहान ठेवलाय. सरहद्दीपासून पुढे बंडा कड्यांचे थांबे लागतात. जमीन एकदम संपते आणि खाली समुद्र. तिथे माणूस दहा मिनिटं म्हणून उतरतो आणि तासभर उभा राहतो. कडा खालून पोखरलेला आहे, काठाजवळ जायचं नाही आणि मुलांचा हात सोडायचा नाही. मुक्कामाचं म्हणाल तर तिथल्या पाट्या काय सांगतात ते बघा. "नेटवर लोकांचे फोटो आहेत" हे कारण रेंजरपुढे चालत नाही.

नॉर्समन ते सेड्यूना या १२०० किमीत गाव म्हणावं असं पेनॉन्ग सोडलं तर जवळपास काही नाही. बाकी जी नावं नकाशावर दिसतात ती एकेक रोडहाउस आहेत: पंप, मोटेल, कॅरव्हॅन लावायची जागा, एक काउंटर.

रोडहाउसला पैसे देऊन राहावं की रेस्ट एरियात (हायवेकडेच्या थांब्यावर) फुकट?

दोन्ही आलटून पालटून, असं माझं मत. सलग फुकट राहणाऱ्यांची तिसऱ्या दिवशी चिडचिड सुरू होते, आणि रोज रोडहाउसला राहिलं तर नलारबोरचं आकाश दिसत नाही, कारण आवारात रात्रभर दिवे असतात.

रोडहाउसला गरम पाण्याची अंघोळ मिळते (काही ठिकाणी नाणी टाकून, मोजकी मिनिटं), वीजजोडणी मिळते, आणि शेजारी माणसं असतात. वीज तिथेच तयार होते. एअर कंडिशनर, किटली आणि इंडक्शन एकदम लावून सर्किट पाडू नका. जागा म्हणजे खडीचं मैदान. हिरवळीची अपेक्षा ठेवू नका.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात हायवेच्या रेस्ट एरियांपैकी २४ तास थांबायची परवानगी असलेल्या जागांना तशा पाट्या आहेत. नॉर्समन आणि बॅलाडोनियाच्या मध्ये न्यूमन रॉक्स लोकप्रिय आहे, पाऊस झालेला असेल तर खडकातल्या खोलगटात पाणी साठतं आणि पक्षी येतात. बॅलाडोनिया-कायगुनामधल्या सरळ पट्ट्यावर बॅक्स्टर रेस्ट एरिया आहे. हा पट्टा म्हणजे १४६ किमीत एकही वळण नाही. लोक पाटीपाशी फोटो काढतात, पण खरी परीक्षा चाळिसाव्या मिनिटानंतर सुरू होते, डोळे मिटायला लागतात तेव्हा. मध्ये थांबायला जागा आहे हे माहीत असलेलं बरं.

रेस्ट एरियात नेमकी जागा कशी निवडायची?

उजेड असताना पोचा आणि पायी एक चक्कर मारा. हायवेपासून जितकं आत जाता येईल तितकं जा. रात्री रोड ट्रेन (मागे एकापेक्षा जास्त ट्रेलर जोडलेले ट्रक) जातात, ३६ मीटर लांबीपर्यंतच्या, आणि त्यांच्या वाऱ्याने रस्त्यालगतची कॅरव्हॅन हलते. ट्रकांसाठी मोकळी सोडलेली लांब जागा अडवू नका. त्या ड्रायव्हरला विश्रांती कायद्याने घ्यावीच लागते, त्याला दुसरीकडे जाता येत नाही, तुम्हाला येतं. वर शीतगृहाचा ट्रक शेजारी लागला तर त्याचा कंप्रेसर रात्रभर घरघरत राहील, म्हणजे झोप तुमचीच जाणार.

गम ट्रीखाली (निलगिरीच्या जातीचं झाड) सावली बघून उभे राहू नका. हे झाड वारा नसतानाही जाडजूड फांदी टाकून देतं. गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून, आणि निघायच्या दिशेने लावा. एकाच रात्रीचा प्रश्न असेल तर कॅरव्हॅन गाडीपासून सोडवूच नका. पातळी थोडी वाकडी असली तर चाकाखाली फळी घाला, चाकांना ठोकळे लावा आणि झोपा. मनात पाल चुकचुकली, कुणी विचित्र वाटलं, तर जोडलेली गाडी दोन मिनिटांत बाहेर काढता येते.

पाणी किती न्यायचं?

भरपूर. या पट्ट्यात नदी नाही, ओढा नाही. रोडहाउसकडे बोअरचं खारं पाणी शुद्ध केलेलं किंवा टँकरने आणलेलं असतं. त्यांना "जरा टाकी भरून घेऊ का?" विचारणं म्हणजे आपल्याकडे ऐन मे महिन्यात टँकरवाल्या गावात गाडी धुवायला पाणी मागण्यासारखं आहे. नॉर्समनला टाक्या भरा, पुढचा भरवसा सेड्यूनाचा.

पिण्याचं पाणी टाकीपासून वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. माणशी दिवसाला पाच लिटर धरा आणि दोन दिवसांचं जास्तीचं. वजनाचं भान मात्र ठेवा. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, आणि ती चाकांच्या मागे असेल तर टो बॉलवरचं (गाडीमागे कॅरव्हॅन जोडायच्या गोळ्यावरचं) वजन कमी होऊन कॅरव्हॅन शेपटी हलवायला लागते. बॉलवर कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार असावा असा ढोबळ नियम आहे. तुमच्या गाडीची मर्यादा मॅन्युअलात बघा आणि निघण्याआधी वजनकाट्यावर जाऊन या. कुकर, मिक्सर, दहा किलो कणीक, आईने भरलेले डबे यांची बेरीज बघून धक्का बसतो.

भाजीपाल्याचं काय? क्वारंटाइनला सगळं काढून घेतात हे खरं आहे का?

खरं आहे, आणि आपल्या स्वयंपाकाला ते चांगलंच जाणवतं. फ्रूट फ्लाय ही फळमाशी राज्याराज्यांत पसरू नये म्हणून हे नाके आहेत. दिशा कोणती यावर सगळं अवलंबून आहे.

पूर्वेकडे जाताना तपासणी सरहद्दीवर होत नाही, तिथून पुढे जवळजवळ ४८० किमीवर सेड्यूनाला होते. म्हणजे नॉर्समनला घेतलेली भाजी सेड्यूनाच्या आदल्या रात्रीपर्यंत वापरता येते. टोमॅटो, मिरच्या, ढोबळी मिरची, लिंबं, फळं सगळं संपवायचं. नलारबोर रोडहाउसच्या मुक्कामाला उरलेल्या भाज्यांची पावभाजी हा अगदी योग्य बेत. सेड्यूनाला सुपरमार्केट आहे, नाक्यानंतर लगेच नवी खरेदी करता येते.

पश्चिमेकडे येणाऱ्यांची पंचाईत जास्त. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा नाका थेट बॉर्डर व्हिलेजला आहे, आणि तिथून पुढचं सुपरमार्केट नॉर्समनला, ७२० किमीवर. म्हणजे दोन-तीन दिवस ताज्या भाजीशिवाय. शिवाय या बाजूला मधसुद्धा नेता येत नाही, बंद बाटलीतला असला तरी. अशा वेळी निघतानाच दोन-तीन भाज्या शिजवून फ्रीजरमध्ये टाका. शिजवलेल्या भाजीला अडवत नाहीत. पिठलं, मसालेभात, थालीपीठ यांवर निभतं.

ताजा कढीपत्ता, कुंडीतली तुळस, गावाहून कुणी दिलेलं बी हे सगळं घरी ठेवून या. अधिकारी नम्र असतात, फ्रीज उघडून बघतात, कपाटंही बघतात. ज्याबद्दल शंका आहे ते आपणहून दाखवा, ते घेतात किंवा परत देतात आणि विषय संपतो. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

बुकिंग करावं लागतं का?

सदर्न क्रॉस, नॉर्समन, सेड्यूना इथल्या कॅरव्हॅन पार्कांना शाळेच्या सुट्टीत आणि देवमाशांच्या मोसमात आधी फोन करा. रोडहाउसच्या जागांना बहुतेक वेळा आधी येईल त्याला मिळते, म्हणून तीनच्या आत पोचण्याला किंमत आहे. प्रत्येक मुक्कामाला एक पर्यायी जागा ठरवून ठेवा, आणि ती अलीकडची असू द्या, पलीकडची नको.

आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना घेऊन जमेल का?

जमेल, फक्त रोजचं अंतर कमी करा आणि प्रत्येक दुसरी रात्र रोडहाउसला काढा. शक्य असेल तर त्यांच्यासाठी मोटेलची खोली घ्या. कॅरव्हॅनमधली वरची झोपायची जागा आणि रात्री अंधारात पायरी उतरणं हे गुडघ्यांना मानवत नाही.

बीपी-शुगरची औषधं पूर्ण प्रवासाची अधिक आठवडाभराची जवळ ठेवा. नॉर्समन आणि सेड्यूना यांच्यामध्ये औषधांचं दुकान मिळेल या आशेवर राहू नका. या दोन्ही ठिकाणी रुग्णालय आहे. मध्ये काही झालं तर भिस्त रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसवर, १९२८ पासून चालत आलेली विमानाची वैद्यकीय सेवा. हायवेवर मध्येच डांबरावर धावपट्टीच्या खुणा रंगवलेल्या दिसतात त्या त्यांच्या विमानासाठी. बाबांना हे दाखवा, पुढचे पन्नास किमी गप्पांना विषय मिळतो. पाहुण्यांचा आरोग्य विमा रुग्णवाहिकेचा खर्च देतो की नाही, हे निघायच्या आधी लेखी विचारून घ्या.

आणि हो, गाडी चालू असताना ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनमध्ये कुणीही बसायचं किंवा झोपायचं नाही. ते बेकायदेशीर आहे. मोटरहोममध्येही पट्टा असलेल्या सीटवरच बसायचं.

फोनला रेंज मिळते का?

रोडहाउसच्या आसपास, तीही बहुतेक टेल्स्ट्राची. मध्ये शंभर-शंभर किमी काहीच नाही. नकाशे आणि विकीकॅम्प्ससारखं ॲप पर्थमध्येच ऑफलाइन उतरवून घ्या. यूएचएफ रेडिओ (गाड्यांनी आपसांत बोलायचा) घ्याच. ट्रकवाले चॅनल ४० वर असतात, कॅरव्हॅनवाले बरेचदा १८ वर. मागून रोड ट्रेन आली की ४० वर सांगा, "पुढे मोकळं आहे, तुम्ही निघालात की मी वेग कमी करतो." तो बाजूला येईपर्यंत आपला वेग स्थिर ठेवायचा, मध्येच ब्रेक मारायचा नाही. ओलांडून गेल्यावर बहुतेक जण रेडिओवर आभार मानतात. जवळ पीएलबी हा छोटा आपत्कालीन बीकन असेल तर घरचे निश्चिंत झोपतात. संध्याकाळी कुठे पोचणार हे कुणाला तरी रोज कळवत जा.

इंधन पुरेल ना?

दोन पंपांमधलं अंतर २०० किमीच्या आतच आहे. पण कॅरव्हॅन ओढताना समोरून वारा असेल तर गाडी नेहमीच्या दीडपट-दुप्पट पिते. अर्ध्याखाली काटा गेला की पुढच्या पंपावर भरा, भाव बघून तोंड वाकडं करा आणि भरा. काही पंप रात्री बंद असतात.

कोणत्या महिन्यात निघावं?

मे ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कॅरव्हॅनची भट्टी होते आणि वणव्यांमुळे हायवे बंद होऊ शकतो. हिवाळ्यात दिवस छान, रात्री मात्र हाडं गोठवणाऱ्या. जून ते सप्टेंबर सदर्न राइट जातीचे देवमासे पिलांना घेऊन हेड ऑफ बाइट या किनाऱ्यावरच्या ठिकाणी येतात. नलारबोर रोडहाउसपासून ते अर्ध्या तासावर आहे. मोसमात तिथे दोन रात्री काढल्या तर एक सकाळ पूर्ण मिळते.

भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येते का?

पर्यटक म्हणून आलेल्याला, लायसन्स इंग्रजीत आणि चालू असेल तर येते. भाड्याने देणारी कंपनी आंतरराष्ट्रीय परवानाही मागू शकते, तो भारतातूनच काढून आणा. मात्र ज्याने आयुष्यात ट्रेलर मागे घेतला नाही त्याने पहिला धडा नलारबोरवर गिरवू नये. मोटरहोम घ्या.

टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) कुठे रिकामी करायची?

फक्त डंप पॉइंटवर, म्हणजे त्यासाठीच केलेल्या जागेवर. नॉर्समन आणि सेड्यूनाला आहेत, मधल्या रोडहाउसला विचारून घ्या. रेस्ट एरियातल्या खड्ड्याच्या संडासात कॅसेट ओतू नका, त्यातल्या रसायनाने ती जागा निकामी होते. झुडपात तर नाहीच. कचऱ्याचंही तेच. पिंप भरलेलं असेल तर पिशवी सोबत न्या, नाहीतर रात्रीत कावळे आणि डिंगो ती उपसून ठेवतात. नलारबोर रोडहाउस आणि सेड्यूना यांच्यामधल्या यलाटाच्या आसपासचा भाग आदिवासी समाजाच्या मालकीचा आहे, तिथे हायवे सोडून आत जायला परवाना लागतो. "जरा आत जाऊन थांबू" हा विचार त्या पट्ट्यात करू नका.